गोळ्या सोडू की पळायला लागू?

मागच्या अंकात डिप्रेशनवर लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं: काही रुग्णांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली मी ‘आठवड्यातून तीनदा पळणे’ असंही लिहिते. बाकीच्या लेखाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पत्रं आली ती सगळी या एका वाक्यावर. साताऱ्यातल्या एका आजोबांनी तर विचारलंय, ‘हे काम डॉक्टरीणबाईंचं की पीटीच्या मास्तरांचं?’ दोघांचंही, आजोबा. या वेळचं सदर त्या पत्रांना दिलंय. पत्रं थोडी छाटली आहेत आणि कुणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

‘वहिनी, गोळ्या फेकून द्या’

*मी ३६ वर्षांची, बँकेत नोकरीला. डिप्रेशनसाठी पाच महिन्यांपासून एसिटालोप्रॅम चालू आहे. आता झोप लागते, रडू येत नाही, कामावर जाते. मिस्टरांचे एक मित्र हाफ मॅरेथॉन पळतात. ते म्हणाले, ‘वहिनी, गोळ्या फेकून द्या, रोज पाच किलोमीटर पळा, मी तसाच बरा झालो.’ मिस्टरांना ते पटलंय. सासूबाई म्हणतात, या गोळ्यांची सवय लागते. मॅडम, पळण्याने खरंच गोळ्या सुटतात का? – कराड*

काहींच्या सुटतात. तुम्ही उद्या सकाळी सोडायच्या का, तर नाही.

मित्र खोटं बोलत नसतील. पळण्याचा डिप्रेशनवर उपयोग होतो याला चांगला आधार आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पन्नाशीच्या पुढच्या १५६ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला सर्ट्रालिन ही गोळी, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. हा अभ्यास १९९९ साली छापून आला. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते, फक्त गोळीवाल्यांना सुरुवातीला लवकर उतार पडला. त्यानंतर सहा महिन्यांनी पाहिलं तर व्यायामाने बरे झालेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं.

हे वाचून तुमचे मिस्टर म्हणतील, ‘बघ!’ म्हणून त्यांना ॲमस्टरडॅमचा अभ्यासही वाचून दाखवा. तो २०२३ चा. डिप्रेशन किंवा चिंतेचा आजार असलेले १४१ जण. बहुतेकांना उपचार स्वतःच निवडू दिला होता. ४५ जण गोळ्यांच्या गटात गेले, ९६ पळण्याच्या. सोळा आठवड्यांनी दोन्हीकडे साधारण ४४ टक्के लोक आजारातून बाहेर आले. वजन, रक्तदाब, हृदयाचे ठोके यांत पळणारे सरस ठरले. पण ठरलेला उपचार नीट पाळला कुणी? गोळ्यावाल्यांपैकी ८२ टक्क्यांनी, पळणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांनी. आणि हे लोक हौसेने पळणं निवडून आलेले, शिकवायला माणूस, सोबतीला गट. तरी निम्मे गळाले. डिप्रेशन म्हणजे पांघरुणातून पाय बाहेर काढणं जड जाण्याचा आजार. त्यावर जो उपचार पायांवरच उभा आहे, तो गळणारच. म्हणून ओपीडीत माझ्यासमोर नवीन, खचलेला माणूस बसतो तेव्हा मी पहिल्या दिवशी त्याला पळायला सांगत नाही. आधी गोळीने झोप आणि भूक जागेवर येऊ द्यायची. सहा-आठ आठवड्यांनी तो स्वतःच म्हणतो, ‘आता घरात कंटाळा येतो.’ कंटाळा येणं ही सुधारणा आहे. चिठ्ठीवर दुसरी ओळ येते ती तेव्हा.

तुम्ही नेमक्या त्या टप्प्यावर आहात. गोळ्यांनी बरं वाटायला लागल्यावर त्या सहा ते नऊ महिने तरी चालू ठेवतो, आधीच थांबलं तर आजार उलटायची भीती असते. मग काही आठवड्यांत डोस हळूहळू उतरवायचा, तोही तुमच्या डॉक्टरांनी. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचे बारीक झटके बसल्यासारखं होणं, असं होऊ शकतं. त्यालाच लोक सवय म्हणतात. सासूबाईंना सांगा, सवय दारूची लागते, ती वाढत जाते आणि माणूस ती मागत फिरतो. एसिटालोप्रॅम मागत फिरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता पळण्याचं. रोज नाही, आठवड्यातून तीनदा. पाच किलोमीटर विसरा, घड्याळातली तीस मिनिटं मोजा. आधी पाच मिनिटं भरभर चाला. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं सात-आठ वेळा. शेवटी परत चालणं. वेग इतकाच की शेजारणीबद्दल दोन पूर्ण वाक्यं बोलता यावीत. यवतेश्वरच्या घाटात आमचा बायकांचा गट पळतो, तिथे हाच नियम आहे. बोलणं तुटलं की चढ सोडून चालायचं. मी त्या गटात सगळ्यांत मागे असते, आणि मागे राहून खूप ऐकायला मिळतं.

एकट्या जाऊ नका. एक मैत्रीण ठरवा, ती खाली येऊन उभी राहिली की जावंच लागतं. आणि तुमच्या मिस्टरांचा पळण्यावर इतका विश्वास आहे, तर त्या तीन सकाळी डबे त्यांनी करावेत. हे मी गमतीने लिहीत नाही. माझ्याकडच्या बायकांचं पळणं कशाने सुटतं ते मी विचारते. गुडघे दुखतात म्हणून फार थोड्या जणींचं सुटतं. सहाला डबा तयार लागतो म्हणून सुटलेल्या बायका त्याहून कितीतरी जास्त.

किती मिनिटांनी एन्डॉर्फिन सुटतं?

*मी निवृत्त विज्ञान शिक्षक. पळाल्यावर किती मिनिटांनी एन्डॉर्फिन सुटतं, म्हणजे तेवढंच पळावं? – फलटण*

सर, एन्डॉर्फिनची, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या अफूसारख्या द्रव्याची, गोष्ट आपण सगळ्यांनीच वर्षानुवर्षं सांगितली, पण ती बरीच ढिली झाली आहे. रक्तातल्या एन्डॉर्फिनचा रेणू मोठा, तो मेंदूच्या गाळणीतून सहज आत जात नाही. हॅम्बुर्गच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ६३ जणांवर प्रयोग केला. काहींना अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध आधी देऊन पळवलं. एन्डॉर्फिनचा रस्ता बंद, तरी पळाल्यानंतरचं ते हलकं, निवांत वाटणं आलंच. आता संशय जास्त एन्डोकॅनाबिनॉइड नावाच्या, शरीरानेच तयार केलेल्या द्रव्यांवर आहे. पण मला विचाराल तर ही पळाल्यानंतरची धुंदी आणि डिप्रेशन उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी. धुंदी तासाभरात ओसरते. झोप सुधारणं, दिवसाला एक ठरलेलं काम मिळणं, आपण ठरवलं आणि केलं हे आठवड्यातून तीनदा अनुभवणं, हे टिकतं. एन्डॉर्फिनसाठी मिनिटं मोजू नका.

ग्राउंडवर पाय ठेवला की धडधडतं

*मी २४ वर्षांचा, माण तालुक्यातला. पोलीस भरती करतोय, चौथं वर्ष. दोनदा ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, निघालं, लेखीला राहिलो. तिसऱ्यांदा सोळाशे मीटरलाच टायमिंग बिघडलं. आता पहाटे ग्राउंडवर पाय ठेवला की छातीत धडधडतं, घसा आवळल्यासारखा होतो. घरच्यांनी अर्धा एकर विकून अकॅडमीची फी भरली. तुम्ही लिहिता पळाल्याने मन बरं होतं. मला तर पळण्याचाच वीट आलाय. कधी वाटतं पळायला निघावं आणि परत येऊच नये.*

तुझं शेवटचं वाक्य मी आधी घेते. ‘परत येऊच नये’ म्हणजे पुण्याला निघून जावं असं म्हणतोयस, की जगूच नये असं? दुसरं असेल तर हे पान बाजूला ठेव आणि आज, आजच, एका माणसाला ते तोंडाने सांग. भाऊ, मित्र, अकॅडमीतला सर, जो हसणार नाही तो. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञ असतात, केसपेपर काढून भेटता येतं. ‘नोंद झाली तर भरतीत अडचण येईल’ ही भीती तुझ्यासारख्या पोरांकडून मी नेहमी ऐकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अकॅडमीला कुणी पत्र धाडत नाही.

आता पळण्याकडे येते. तुझं म्हणणं बरोबर आहे. मी ज्या पळण्याबद्दल लिहिलं ते तुझं पळणं नव्हे. वरच्या अभ्यासांतल्या लोकांना कुणी गुण देत नव्हतं. तुझ्या सोळाशेला वीस गुण आहेत, शंभर मीटरला आणि गोळाफेकीला पंधरा-पंधरा, आणि त्या पन्नासांच्या मागे अर्धा एकर उभा आहे. असं पळणं म्हणजे रोज पहाटे परीक्षेला बसणं. ग्राउंडवर धडधडतं यात तुझं मन नाजूक असण्याचा प्रश्न नाही. त्या जागेला शरीर घाबरायला शिकलंय.

मोहीच्या ललिता बाबरांचं उदाहरण तुझ्या तालुक्यात तुला पंधरवड्याला एकदा तरी ऐकवलं जात असेल. मी ऐकवणार नाही. २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचून दहावं येणं हे फार थोड्यांचं काम. तुला हवी आहे एक नोकरी. जागा हजारांत आणि अर्ज लाखांत असताना ती न मिळणं हा तुझ्या पायांचा दोष ठरत नाही.

दोन आठवडे ग्राउंड बंद. पळणं पूर्ण बंद करायला सांगत नाही, जागा बदल. कॅनॉलचा रस्ता, डोंगराची वाट, काहीही. घड्याळ घरी ठेव. मित्राशी बोलत बोलत हळू पळ. तुझ्यासारखी पोरं रोजच जीव तोडून पळतात, हे मी आमच्या रस्त्यावर बघते. रोज शर्यतीच्या वेगाने पळून टायमिंग सुधारत नाही, बिघडतं. आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश, एक-दोन दिवसच जोरात, हे कुठलाही जाणता कोच सांगेल.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घे. लोह कमी असलं की दम लवकर लागतो, धडधडतं आणि मनही खाली बसतं. चौघांची भाजी एका खोलीत शिजवून खाणाऱ्या पोरांत हे पुष्कळदा निघतं. रात्री अकरापर्यंत अभ्यासिका आणि चारला गजर, ही पाच तासांची झोप वर्षभर कुणालाच पुरत नाही. आणखी एक विचारते, खरं उत्तर तुझ्या डॉक्टरांना दे. ग्राउंडच्या आधी ताकदीची म्हणून कुणी इंजेक्शन किंवा पावडर देतंय का? छातीतल्या धडधडीचं कारण कधी कधी त्या पुडीत असतं.

आणि घरच्यांशी अर्ध्या एकराबद्दल एकदा बोलायला हवं. ते तुझ्याच्याने होत नसेल तर मामा किंवा थोरला चुलत भाऊ मध्ये घे. भरतीचं वय अजून आहे. पण तिच्या शेजारी दुसरी वाट ठेवली, होमगार्ड, आयटीआय, काहीही, तर सोळाशे मीटर पुन्हा सोळाशे मीटरच राहतील.

पांघरूण ओढून नेतो

*मुलगा १९ वर्षांचा. इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिले. घरी आलाय, दुपारपर्यंत झोपतो, बोलत नाही. मी त्याला रोज पाचला पांघरूण ओढून तळजाईला पळायला नेतो. शिस्त लागली की सुधारेल. बरोबर करतोय ना? – पुणे*

नाही. तळजाई चांगली आहे, पांघरूण ओढणं चांगलं नाही.

तो झोपतो किती वाजता, जेवतो का, मित्रांचे फोन घेतो का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, कारण बहुधा तुम्हाला ते माहीत नाही. आधी ते माहीत करून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ असंच चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि कुणाला दाखवायचं यात त्याचं मत घ्या. पळण्याचा उपयोग होण्यासाठी ते माणसाने स्वतः निवडलेलं असावं लागतं. रात्री दोनला झोपणाऱ्या पोराला पाचला उठवणं म्हणजे तीन तासांच्या झोपेवर पळवणं, त्याने मन आणखी बिघडतं. संध्याकाळी साडेपाचला ‘मी चालायला चाललोय, येतोस?’ एवढंच विचारा. नाही म्हणाला तर तुम्ही जा. दुसऱ्या दिवशी परत विचारा. वाटेत विषयांबद्दल बोलायचं नाही. हा भाग तुम्हाला जड जाईल, पण फी तुम्ही भरलीय म्हणून टेकडीवरचा अर्धा तासही तुमचा होत नाही.

सहा आठवडे थांबा म्हणतात

*वय ४१, आयटीत, हिंजवडी. आठवड्याला ७०-७५ किमी पळतो. डाव्या नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, ऑर्थोपेडिक सहा आठवडे थांबा म्हणाले. दहा दिवस झाले. मुलांवर ओरडतो, झोप नाही, ऑफिसात लक्ष नाही. काल पहाटे बायको झोपलेली असताना गुपचूप चार किमी पळून आलो, दुखलं. बायको म्हणते हे व्यसन आहे. वडील गेले त्या वर्षी पळणं वाढलं, त्याआधी २०-२५ किमीच असायचं. पळणं हे व्यसन कसं असेल? ते तर आरोग्यासाठी आहे.*

गुपचूप गेलात, दुखत असताना गेलात, न गेल्यावर घरच्यांवर निघालं. पळण्याच्या जागी दारू लिहून हीच तीन वाक्यं तुमच्या बायकोला वाचायला दिली असती तर?

थोडं सौम्य करून सांगते. नेहमी पळणाऱ्याला दोन आठवडे थांबवलं की त्याचा मूड उतरतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणजे तुमची चिडचिड अपेक्षित आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आजार म्हणायचं ते इजा झालेली असतानाही थांबता येत नाही तेव्हा. तुम्ही त्या रेषेवर उभे आहात. नडगीच्या हाडातला तडा पळून मोठा होतो, पुढे कधी कधी ऑपरेशनपर्यंत जातो. तेव्हा सहा आठवड्यांचे सहा महिने होतात.

पण तुमच्या पत्रातलं मला महत्त्वाचं वाटलं ते वाक्य तुम्ही शेवटाकडे, किलोमीटरच्या हिशेबात लपवून लिहिलंय. वडील गेले त्या वर्षी पळणं तिप्पट झालं. तुम्ही तेव्हा रडलात का? सुट्टी किती दिवस घेतली? माझा अंदाज, तेरावं झालं आणि लॅपटॉप उघडला. मग पहाटेचे दोन तास पळण्याला दिले, कारण त्या वेळी घर शांत असतं आणि माणसाला जुनं आठवतं. पळण्याने तुम्हाला त्या वर्षात उभं ठेवलं, त्याला नावं ठेवत नाही. आता हाडाने ते काढून घेतलंय, आणि इतके दिवस मागे राहिलेलं दुःख दार ठोठावतंय.

ऑर्थोपेडिकना विचारून पोहणं किंवा वरच्या अंगाचे व्यायाम सुरू करा. शरीराला दमणूक हवी, ती मिळेल. घड्याळातले आकडे ग्रुपवर टाकणं या सहा आठवड्यांत बंद. पहाटेचे ते दोन तास रिकामे राहतील, त्यांतल्या एका तासात आईला फोन लावा, असतील तर. वडिलांबद्दल बोला. आणि एखाद्या समुपदेशकाला चार-पाच वेळा भेटा, हिंजवडीतल्या बहुतेक कंपन्यांकडे ती सोय असते आणि कुणी वापरत नाही.

लिथियम चालू आहे

*बायपोलरसाठी, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी उदासी येण्याच्या आजारासाठी, लिथियम घेते, दोन वर्षं स्थिर आहे. सोलापूरच्या उन्हात पळले तर चालेल?*

चालेल, पण तुमच्यासाठी नियम इतरांहून कडक. घामातून पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. त्यामुळे उजाडायच्या आधी पळा, पाणी आणि जेवणातलं मीठ नेहमीइतकं ठेवा, उपास असेल त्या दिवशी पळू नका. सुरुवात केल्यावर एकदा पातळी तपासून घ्या. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना. गुडघा दुखला म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, त्यानेही लिथियम चढतं. पॅरासिटामॉल चालेल.

आणि एखाद्या आठवड्यात झोप तीन तासांवर आली आणि पहाटे तीनला उठून वीस किलोमीटर पळावंसं वाटलं, तर तो उत्साह डॉक्टरांना दाखवण्याचा आहे. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा, कारण त्यांना तेव्हा तुमचं कौतुक वाटेल.

पळताना अटॅक आला तर

*मी २७, शिक्षिका, नाशिक. मला पॅनिक अटॅक येतात. पळायला लागले की छाती धडधडते, घाम येतो, मग वाटतं अटॅक सुरू झाला, आणि खरंच होतो.*

तुमच्या बाबतीत पळणं हे औषधही आहे आणि सरावही. पॅनिकमध्ये माणूस धडधडीला घाबरतो, घाबरल्याने धडधड वाढते, आणि ते चक्र फिरत राहतं. ते तोडायचं तर धडधड मुद्दाम आणायची आणि तिच्यासोबत थांबायचं. आम्ही ओपीडीत रुग्णाला जागच्या जागी उड्या मारायला लावतो ते यासाठीच. पहिल्यांदा आलेल्यांना वाटतं मॅडमचं काहीतरी बिनसलंय.

आधी ईसीजी आणि थायरॉइड करून घ्या, म्हणजे ‘हृदयाचंच असेल तर’ हा प्रश्न कागदावर मिटेल. मग घराच्या गच्चीवर तीस सेकंद पळा. थांबू नका, चालत राहा, आणि ठोके खाली यायला किती वेळ लागतो ते फक्त बघा. दोन-तीन मिनिटांत येतात. आपलं आपण खाली येतात, हे शरीराला कळायला हवं, वाचून ते कळत नाही. आठवड्याला थोडं थोडं वाढवा. प्रोप्रॅनोलॉल घेत असाल तर ठोके औषधाने दबलेले असतात, म्हणून घड्याळातल्या नाडीवर वेग ठरवू नका, बोलता येतंय का यावर ठरवा. छातीत दाबल्यासारखं दुखून हाताकडे कळ गेली, किंवा पळताना भोवळ येऊन पडलात, तर मात्र त्याला पॅनिक समजायचं नाही, थेट दवाखाना.

या वयात, साडीत

*मी ५८, अंगणवाडीतून निवृत्त झाले. तेव्हापासून रात्री झोप नाही, दिवसा उगाच रडू येतं. पळावंसं वाटतं, शाळेत असताना खोखो खेळायचे. पण आमच्या गावात बाई पळताना दिसली की लोक विचारतात काय झालं, कोण गेलं. ड्रेस घालत नाही, बूट कधी घातले नाहीत, आणि कुत्री. – वाई तालुका*

ताई, कोण गेलं या प्रश्नावर मी वाईच्याच एका बाईंचं उत्तर तुम्हाला देते. त्या म्हणतात, ‘शुगर गेली.’

पत्रातलं रडू आणि झोप मी बाजूला ठेवत नाही. निवृत्तीनंतर असं होतं, रोज चाळीस पोरं अंगावर खेळवलेल्या बाईला रिकामं घर सोसत नाही. पण एकदा डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या, या वयात पळायला लागण्याआधी ते करायचंच असतं. पळणं जमलं नाही तरी भरभर चालणं पुरतं. २०२४ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २१८ अभ्यासांचा आढावा आला होता, १४ हजारांवर लोकांचा. डिप्रेशनवर चालणं-पळणं, योग आणि वजन उचलण्याचे व्यायाम हे सगळे उपयोगी ठरले. खोखोवाल्या बाईला मी चालण्यावर थांबायला सांगणार नाही, पण पहिले दोन महिने चाला.

साडीचं म्हणाल तर बारामतीच्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावून शर्यत जिंकल्या हे तुम्ही ऐकलं असेल. ते त्यांनी नवऱ्याच्या दवाखान्याच्या खर्चासाठी केलं होतं. तुमच्यावर तशी वेळ नाही, तेव्हा अनवाणी नको. साडी चालेल, काष्टा घातला तर उत्तम, पंजाबी ड्रेस त्याहून सोयीचा. पैसे बुटांवर घाला. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असा नंबर घ्या. रंग बघू नका.

कुत्री पळणाऱ्याच्या मागे लागतात. अंगावर आलं की थांबा, त्याच्या डोळ्यांत बघू नका, हळू चालत बाजूला व्हा. हातात काठी असली की आपला धीर वाढतो, उगारायची गरज पडत नाही. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या. हळद-चुना लावायचा नाही.

सोबतीला तुमच्या अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना विचारून बघा. त्याही निवृत्त झाल्या असतील किंवा होतील, आणि गावात दोघी पळताना दिसल्या की लोक कोण गेलं असं विचारत नाहीत, कुठं निघालात असं विचारतात.